नग एक, खुर्चीसह

ठाण्याहून परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "काय काय बघितलं?" मी सांगते, जिने बघितले. लोकांना वाटतं मी चेष्टा करते आहे. चेष्टा करायचा माझा स्वभाव आहे हे खरं, पण या वेळी नाही. तीन दिवसांत मी तलाव बघितला नाही, मॉल बघितला नाही, खाडी बघितली ती गाडीच्या काचेतून, आणि तीही माझ्या मैत्रिणीने, प्रज्ञाने, बोट दाखवलं म्हणून.

कराडात तहसील कचेरीच्या बाहेर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अठरा वर्षं मी लोकांचे अर्ज लिहिते आहे. सातबारा, वारस नोंद, रेशनकार्ड, हरवल्याचा दाखला. "महोदय, वरील विषयास अनुसरून" हे वाक्य मी झोपेतही टाइप करू शकते. दोन वर्षांची असताना पोलिओने पाय नेले, तेव्हापासून जे चालणं झालं ते पायांना लोखंडी कॅलिपर बांधून, आणि गेली वीस वर्षं व्हीलचेअरवर. वीस वर्षं का, तेही सांगते. मामेबहिणीच्या लग्नात कार्यालयाच्या पायऱ्यांवरून मला चार मुलांनी मोठ्या उत्साहाने कार्यालयातल्या साध्या खुर्चीत बसवून उचललं. तिसऱ्या पायरीवर एकाचा हात सुटला. मांडीचं हाड मोडलं, त्यात सळई बसली ती अजून आहे. त्या दिवसापासून मी एक नियम केला की मला कोणी उचलायचं नाही. कितीही चांगला माणूस असो, कितीही घाई असो.

मग मी ठाण्याला का गेले? एका सरकारी खात्यात लिपिक-टंकलेखकाची भरती निघाली होती. दिव्यांगांच्या राखीव जागांवर मी परीक्षा दिली आणि पास झाले. वयाच्या अटीत बसायची ही माझी शेवटची भरती होती. कागदपत्रं तपासायला ठाण्याला बोलावलं होतं आणि पत्राच्या तळाशी ठळक अक्षरात लिहिलं होतं: उमेदवाराने मूळ कागदपत्रांसह स्वतः समक्ष हजर राहावे, गैरहजर उमेदवाराचा नंतर विचार केला जाणार नाही. अशी पत्रं मीच लोकांना वाचून दाखवते. त्यातलं "नंतर विचार केला जाणार नाही" हे किती खरं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. निवड यादी अजून लागलेली नाही, तेव्हा या लेखाच्या शेवटी पेढे मिळतील अशी आशा कोणी धरू नये.

सोमवार, कल्याण पूर्व

प्रज्ञा कांबळे आणि मी साताऱ्याला टायपिंगच्या क्लासला असताना एका खोलीत राहायचो. पुढे ती लग्न होऊन कल्याणला गेली, एका दवाखान्यात लॅबमध्ये लागली. चाळीत तळमजल्यावर दोन खोल्या. माझ्यासाठी तिच्या नवऱ्याने, मिलिंदने, उंबऱ्याला फळी लावून ठेवली होती आणि संडासाचं दार बिजागरीसकट काढून तिथे पडदा अडकवला होता. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो फिटर आहे. "दार अडीच इंचाने कमी पडत होतं वहिनी," तो म्हणाला, जणू रोज कोणाचं तरी दार काढतो. मी त्याची वहिनी कशी, ते मला कळलं नाही, पण बरं वाटलं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला आख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी वाढली की काम झालं. इथे पाहुण्याला आधी विचारतात, "सुकं खातेस ना?" मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. प्रज्ञाच्या सासूबाई मंडणगडकडच्या. त्यांनी चौथी वाढली आणि मी नको म्हटल्यावर रुसल्या.

संध्याकाळी प्रज्ञा म्हणाली, "चल, विहारात जाऊ. अभ्यासिका दाखवते." मी विचारलं, पायऱ्या किती? ही माझी सवय आहे. कुठेही जायचं म्हटलं की लोक किती लांब विचारतात, मी किती उंच ते विचारते. पर्समध्ये मोजायची टेपही ठेवते. प्रज्ञा नुसती हसली.

विहाराचं जोतं दोन फूट उंच होतं. त्याला एका बाजूने रॅम्प काढला होता, लांबलचक, मध्ये वळण घेऊन, वळणावर थांबायला जागा, दोन्ही बाजूंना लोखंडी पाइपचा कठडा. कोणीही न ढकलता मी त्याच्यावरून एका दमात वर गेले. दारात पोचल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं याचा मला राग आला. वर गेल्यागेल्या मी टेप काढली. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हा नियम मला पाठ आहे. इथे एका फुटाला तेरा फूट भरले.

"जयभीम ताई, काय मोजताय?" आतून एक म्हातारे गृहस्थ आले. ते प्रज्ञाचे चुलत सासरे, बाळाराम काका. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, हाताला अजून सिमेंटचे चरे. रॅम्प त्यांनीच बांधला होता.

"जयभीम काका. हा उतार कोणी काढून दिला तुम्हाला?"

"कोण काढून देणार? माझी आय यायची वंदनेला, चाकाच्या खुर्चीत. आधी मी सरळ टाकलेला, एवढासा. ती मागे घसरली. मग तोडला. हातगाडीवर पाण्याचा ड्रम भरून ठेवला आणि एका हाताने ढकलून बघितला. चढला नाही, परत तोडला. तिसऱ्या वेळेला चढला."

नियमाचं पुस्तक त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "काका, सरकारी इमारतींचं काम केलंय कधी?"

"केलं की. तिथं नकाशा देतात ना. सगळं काढून झालं की जेवढी जागा उरते तेवढा रॅम्प."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. विटा कुठून आणायचे, हे सांगावं तसं सांगितलं. मी मात्र थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की ते उतार चुकून तसे होतात.

मंगळवार, डोंबिवली

प्रज्ञाने रजा काढून नाटकाची तिकिटं आणली होती, पहिल्या रांगेतली, दुपारी चारचा प्रयोग. कराडला नाटक येतं ते वर्षातून एकदोनदा, आणि मी जात नाही, कारण वर सांगितलंच आहे. डोंबिवली म्हणजे नाटकवाल्यांचं गाव, तिथे सोय असणारच, असं माझं आपलं मत.

रिक्षात खुर्ची घडी करून सीटच्या मागे कोंबली. डोंबिवलीत उतरून बघतो तर खुर्चीचा एक पायटेकू गायब. त्याशिवाय माझा डावा पाय जमिनीवर घासत जातो. रिक्षावाला म्हणाला, "थांबा, टेन्शन नका घेऊ," आणि आम्हाला पुन्हा आत बसवून आल्या रस्त्याने परत निघाला. अर्ध्या वाटेवर एका शहाळेवाल्याने तो पायटेकू आपल्या ढिगावर उभा करून ठेवला होता, कोणीतरी शोधत येईल म्हणून. माणसं चांगली आहेत हो तिकडची, हे मला आधीच लिहून ठेवू दे. पुढे जे लिहिणार आहे त्यात ते विसरायला होईल.

नाट्यगृहाला दर्शनी अकरा पायऱ्या. रुंद, झकपक, फोटो काढण्याजोग्या. दारावरचे काका मला बघून लगेच खाली आले. "काही काळजी करू नका, चार पोरं बोलावतो. दर खेपेला उचलतो आम्ही."

"मला उचलून नको."

"अहो, काही होत नाही."

"माझं एकदा झालंय काका."

ते विचारात पडले. खरोखर मनापासून विचारात पडले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "रॅम्प आहे की! मागे. सेट चढवायचा."

इमारतीला वळसा घालून आम्ही मागे गेलो. टेम्पो उभा होता. काळ्या टी-शर्टातली दोन माणसं उतारावरून एक सोफा, दोन दरवाजे आणि एक लाकडी जिना आत नेत होती. नाटकातला खोटा जिना, वर कुठेच न जाणारा. त्याच्या मागोमाग मी आत गेले, सरळ रंगमंचावर. तिथून प्रेक्षागृहात उतरायचं तर सहा पायऱ्या. त्या बघून प्रज्ञा आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

शेवटी बॅकस्टेजच्या माणसाने मला उजव्या विंगेत जागा करून दिली. प्रज्ञा एका उलट्या खोक्यावर बसली. पहिल्या रांगेतल्या आमच्या दोन खुर्च्या समोर अंधारात रिकाम्या दिसत होत्या. नाटक मी पूर्ण बघितलं, पण बाजूने. सगळ्या पात्रांचा एकच कान आणि एकच गाल. वडिलांचं काम करणारा नट रागारागाने मंचावरून आत आला, पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि हळूच म्हणाला, "ताई, इथून दिसतंय ना नीट?" मी मान हलवली. तो पुन्हा रागावून बाहेर गेला. मध्यंतरात त्यानेच बटाटेवडे पाठवले.

मजा आली, खोटं का सांगू? पण रिक्षात बसल्यावर तो मागचा उतार डोक्यातून जाईना. सोफ्याला उतार होता. दरवाज्याला होता. चालता येत असतं तर मी तिकीट दाखवून पुढून गेले असते, आणि चालता येत नाही, तर सामान म्हणून मागून, इतकाच हिशोब. प्रज्ञाला मी हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "सुमे, मी इथे बारा वर्षं नाटकं बघते. माझ्या कधी डोक्यातच नाही आलं गं." आणि तिलाच वाईट वाटलं म्हणून मग मीच विषय बदलला.

बुधवार, ठाणे

शेजाऱ्यांची व्हॅन घेऊन आम्ही सकाळीच निघालो. माजिवड्याला पूल एकमेकांवर चढलेले बघून मला वाटलं, ज्या गावात मोटारी इतक्या उंच चढवतात तिथे मला पत्रातल्या तिसऱ्या मजल्यावर चढवणं काय अवघड असणार. साडेनऊला पोचलो. अकराची वेळ होती. सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. सरकारी इमारतीत जायचं असलं की मी पीत नाही. का, ते बायकांना सांगायला नको.

इमारतीचं नाव लिहीत नाही, लिहून कोणाचं भलं होणार नाही. दारात रॅम्प होता, बाळाराम काका म्हणाले तसला, उरलेल्या जागेतला. प्रज्ञा आणि व्हॅनचा ड्रायव्हर दोघांनी ढकलून मी वर पोचले. आत गेले तर समोर लिफ्ट. चालू, स्वच्छ, आरसा लावलेली. लिफ्टमन स्टुलावर बसलेला. माझा जीव भांड्यात पडला.

"तिसरा मजला," मी म्हटलं.

"तिसरा ना? मग चढायच्या हव्यात की उतरायच्या?"

मला कळेना. तो समजावून सांगायला लागला. लिफ्ट नंतर बसवली, जिन्याच्या बाहेरच्या अंगाला. त्यामुळे ती मजल्यावर थांबत नाही, जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबते. "दीड, अडीच आणि साडेतीन. अडीचला सोडलं तर नऊ चढायच्या, साडेतीनला सोडलं तर नऊ उतरायच्या. म्हाताऱ्या माणसांना मी साडेतीनला सोडतो. उतरायला बरं पडतं."

एवढ्या मोठ्या इमारतीत एकही माणूस यावर हसत नव्हता. माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलेले एक वकील सहज म्हणाले, "मला दीड." मी आ वासून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघून नम्रपणे जागा करून दिली.

अडीचला उतरले. समोर नऊ पायऱ्या, वर तिसऱ्या मजल्याची भिंत आणि त्यावर बाणाची पाटी: "दिव्यांग उमेदवार कागदपत्र पडताळणी, सभागृह". मी त्या टप्प्यावर खुर्ची लावून बसले आणि प्रज्ञा वर पळाली. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. मग वरून माझं नाव ऐकू आलं. ढवळे सुमन रामचंद्र. एकदा, दोनदा. "हजर," मी ओरडले, पण लांबच्या सभागृहाच्या दारात उभं राहून पुकारणाऱ्याला ते ऐकू गेलं नसावं. तिसऱ्यांदा पुकारलं आणि पुढचं नाव घेतलं.

प्रज्ञा लाल चेहऱ्याने खाली आली. "त्या साळवी क्लार्कला सांगितलं, ती नऊ पायऱ्या खाली बसलीय. म्हणतो, समोर पाहिजे. मी म्हटलं तुम्ही या ना खाली बघायला, तर म्हणतो टेबल सोडता येत नाही. म्हणतो उचलून आणा, आमची दोन माणसं देतो."

"नाही."

"सुमे, एक वाजेपर्यंतच आहे. गैरहजर लावलंय त्याने. लाल पेनने."

मी त्या पायऱ्यांकडे बघितलं. वरून दोन शिपाई हात पुसत, हसतमुख, मदतीला तयार उतरत होते. त्यांचे चेहरे अगदी त्या लग्नातल्या मुलांसारखे भले होते. मी चाकांचे ब्रेक लावले. नोकरी पाहिजे होती मला. अठरा वर्षं मी असल्या नोकरीवाल्यांच्या नावाने अर्ज टाइप केले होते, आणि तरीही माझ्या तोंडून "नको" गेलं. भित्री म्हणा. मी स्वतःला तेव्हा तेच म्हणत होते.

त्यातला एक शिपाई म्हणाला, "मागे रेकॉर्डची लिफ्ट आहे. ती डायरेक्ट तिसऱ्याला जाते. पण म्हात्रे सोडणार नाहीत."

लिफ्टने आम्ही परत खाली आलो. मागच्या अंगणात अभिलेख कक्षाची खोली होती, आणि तिच्यात जुन्या फायलींचे गठ्ठे वर नेणारी मालाची लिफ्ट. जाळीचं दार, आत बल्ब नाही, बाहेर पाटी: माणसांना बसण्यास सक्त मनाई. चावी म्हात्र्यांच्या कमरेला. निवृत्तीला आलेले, कोलशेतकडचे, चष्म्याला दोरी.

"नाय ताय," ते म्हणाले. "मागणीपत्राशिवाय ही लिफ्ट हलत नाय. एकदा एक गठ्ठा कागदाशिवाय वर गेला तो गेलाच. तीन वर्स चौकशी चालली माझी. तेव्हापासून कागद नाय त चावी नाय. गठ्ठा असो का कलेक्टर असो."

"आणि कागद असला तर?"

"त माझी काय हरकत?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. बाकीच्यांना हा माणूस अडेलतट्टू वाटला असता. मला तो ओळखीचा वाटला. असल्या माणसांशी बोलायची भाषा मला येते, तेवढ्यावरच माझं पोट चालतं.

"एक कोरा फॉर्म द्या," मी म्हटलं.

मांडीवर फाइल ठेवून मी लिहिलं. विषय: मूळ अभिलेख समक्ष सादर करण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून, पडताळणी समितीने खालील मूळ अभिलेख आजच समक्ष मागविला असल्याने तो तिसरा मजला येथे पाठविण्यात यावा. अभिलेखाचे नाव: श्रीमती सुमन रामचंद्र ढवळे. नग: एक, खुर्चीसह. मागणी करणारी शाखा, सही, रिकामं ठेवलं.

म्हात्रे फॉर्म वाचत होते. एका जागी त्यांचं बोट थांबलं. "स्थितीचा रकाना ऱ्हायला. जीर्ण का सुस्थितीत?"

"सुस्थितीत लिहा."

त्यांनी लिहिलं. थट्टा करत नव्हते ते, रकाना भरत होते. प्रज्ञा फॉर्म घेऊन वर पळाली आणि चार मिनिटांत परत आली. साळवींनी सही केली होती. न वाचता. वाचली असती तर केली नसती, हे मला माहीत होतं, आणि न वाचता सही होते हेही माहीत होतं.

म्हात्र्यांनी गोल शिक्का मारला, वेळ टाकली, मागणीपत्राची प्रत माझ्या मांडीवर ठेवली, चावी फिरवली. "एकच नग लिवलाय," असं म्हणून प्रज्ञाला त्यांनी बाहेर थांबवलं. ती जिन्याकडे धावली. माझ्या दोन्ही बाजूंना लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे होते. जाळी लागली, अंधार झाला आणि ती पेटी हिसका देऊन वर निघाली. बाहेर असताना मला हे सगळं फार विनोदी वाटलं होतं. आत मला हसू आलं नाही. जुन्या कागदांचा वास नाकात जात होता, आणि मला एकाच गोष्टीची लाज वाटत होती, की मी स्वतःच्या हाताने स्वतःला नग लिहिलं, आणि ते किती छान जमलं.

वर प्रज्ञा आणि एक शिपाई होते. कपाटांमधली वाट पंचवीस इंच, माझी खुर्ची सव्वीस. त्यांनी एक कपाट सरकवलं. सभागृहात शिरले तेव्हा घड्याळात बारा चाळीस झाले होते.

समितीच्या मॅडम पन्नाशीच्या असतील, सुती साडी, समोर नुकताच उघडलेला डबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग साळवींकडे. "या गैरहजर आहेत ना?"

"मी साडेनऊपासून हजर आहे मॅडम," मी म्हटलं. "आधी अडीचला होते. मग तळाला."

साळवींनी माझ्या मांडीवरचं मागणीपत्र उचलून पुढे केलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं हसतील. त्यांनी डबा बंद केला. "हे असं... तुम्हाला हे लिहायला लागलं?"

"मला लिहायची सवय आहे."

कागदपत्रं तपासायला सात मिनिटं लागली. सगळी बरोबर होती. मॅडमनी यादीत माझ्या नावापुढचं लाल "गैरहजर" खोडलं, वर निळ्याने "हजर" लिहिलं, सही केली आणि यादी माझ्यासमोर सहीला सरकवली. तेव्हा मी ती यादी पहिल्यांदा नीट बघितली. चाकाची खुर्ची किंवा कुबड्या वापरणाऱ्यांचा वेगळा गट होता, सहा नावांचा. त्यात माझं धरून चार लाल होती.

मी सही करायची थांबले. "मॅडम, हे तिघं आलेच नाहीत, की खाली आहेत?"

मॅडमनी साळवींकडे बघितलं. साळवी म्हणाले, "मी तीन-तीनदा पुकारलंय मॅडम. नियमाप्रमाणे. दारात उभा राहून."

"खाली कोणी बघितलं?"

कोणी बघितलं नव्हतं. कोणाच्या मनातच आलं नव्हतं. मॅडम स्वतः उठून गॅलरीत गेल्या आणि पुकारणाऱ्या शिपायाला म्हणाल्या, "इथून पुकारा. अंगणात."

त्याने कठड्यावर वाकून पहिलं नाव पुकारलं. खालच्या मोटारसायकलींच्या शेडमधून एका बाईचा आवाज आला, "हजर." नाव संपायच्या आत. ती सकाळपासून तिथे बसून वाट बघत होती. दुसरं नाव. फाटकापाशी तीन चाकी स्कूटरवर बसलेल्या एकाने हात वर केला, "हजर, हजर, इथे आहे." तिसरं नाव. गायकर निलेश. काही नाही. पुन्हा पुकारलं. सगळं अंगण वर बघत होतं. कोणी उत्तर दिलं नाही.

"अर्जावर फोन असेल, लावा," मॅडम म्हणाल्या. साळवींनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावून.

"हा, बोला."

"निलेश गायकर? पडताळणीला आला नाहीत तुम्ही?"

"आलेलो ना सर. दहाला आलेलो. वॉचमन बोलला तिसरा मजला, लिफ्ट अडीचला जाते. मग थोडा वेळ थांबलो आणि निघालो. आता कल्याणला पोचलो घरी."

"अहो, पण कोणाला सांगायचं तरी," मॅडम म्हणाल्या.

"कोणाला सांगणार मॅडम?" आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोसलं असतं. "असू दे. नेहमीचंच आहे ते. थँक्यू फोन केलात."

साळवींनी फोन बंद केला. एक वाजायला पाच मिनिटं होती आणि कल्याण काही पाच मिनिटांवर नाही. मी कराडहून दोन दिवस आधी आले होते, मला मैत्रीण होती, व्हॅन होती, अठरा वर्षांचा हात होता. त्याच्याकडे काय होतं, कोणास ठाऊक. तो दहा वाजता आला होता, माझ्यानंतर अर्ध्या तासाने, आणि मी त्याला बघितलंही नव्हतं.

मॅडमनी शिक्का आणि शाईची डबी उचलली, हजेरीचा कागद काखेत धरला. "मी खाली जाते. त्या दोघांचं तिथेच तपासते." दारापर्यंत गेल्या आणि साळवींचा आवाज आला, "मॅडम, गायकरचं गैरहजरच राहू दे ना?"

मॅडम वळल्या. "नको. खालपर्यंत आले होते, असं लिहा."

"असा रकाना नाही मॅडम."

मॅडम बाहेर पडल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. साळवी लाल पेन हातात घेऊन यादीकडे बघत बसले. वाईट माणूस नव्हता तो, घाबरला होता. मी खुर्ची त्यांच्या टेबलाला लावली. यादीच्या उजव्या कडेला एका रकान्यापुरती कोरी जागा होती.

"पट्टी आहे का?" मी विचारलं.